स्पष्ट मागा, पुन्हा मागा: धैर्याची आणि चिकाटीची प्रार्थना कशी करावी

"तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" हे वाक्य आपल्या प्रार्थनांत फार लवकर येतं. कित्येकदा तर मागणं व्हायच्या आधीच. आजारी माणसाच्या उशाशी चारजण डोळे मिटून उभे असतात आणि कुणीतरी म्हणतं, "प्रभू, तू सगळं जाणतोस, तुला योग्य वाटेल तसं कर, आमेन." ऐकायला नम्र वाटतं. पण मागितलं काय, हे सांगता येत नाही. त्यामुळे उत्तर मिळालं की नाही, हेही कळायला मार्ग राहत नाही. वधस्तंभाच्या आदल्या रात्री, गेथशेमाने बागेत, प्रभू येशूच्या ओठांवर हेच वाक्य होतं, पण त्याआधी स्पष्ट मागणं होतं: हा (दुःखाचा) प्याला माझ्यावरून टळून जावो. आधी मागणं, मग समर्पण. आणि तेही एकदा नाही. तिसऱ्यांदा जाऊन त्याने पुन्हा तेच शब्द उच्चारले, असं मत्तय लिहितो (२६:४४).

माझ्या मते आपल्यापैकी बहुतेकांची अडचण विश्वास कमी असण्याची नाही, नीट न मागण्याची आहे. नकार ऐकायची वेळ येऊ नये म्हणून आपण मोघम मागतो आणि त्याला नम्रता म्हणतो. खालच्या पायऱ्या ही सवय मोडण्यासाठी आहेत. क्रम शक्यतो पाळा. निदान पहिल्या दोन तरी गाळू नका.

पहिली पायरी: कोणापुढे जातो आहोत, ते नक्की करा

चिकाटीच्या प्रार्थनेचा विषय निघाला की विधवा आणि अन्यायी न्यायाधीश यांचा दाखला (लूक १८:१-८) हमखास येतो आणि हमखास चुकीचा समजला जातो. विधवेने न्यायाधीशाला भंडावून सोडलं, तसं आपणही देवाला भंडावून सोडायचं, असा अर्थ लावला जातो. दाखल्याचा रोख उलटा आहे. तो न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसांची पर्वा करत नाही, तरी कटकटीला कंटाळून का होईना न्याय देतो. मग जो देव आपल्या निवडलेल्यांवर प्रेम करतो तो देणार नाही का? मध्यरात्री दार ठोठावणाऱ्या मित्राचा दाखलाही (लूक ११:५-८) असाच आहे. त्याच्या पाठोपाठच येशू विचारतो, मुलाने मासा मागितला तर कोणता बाप त्याला साप देईल? म्हणजे चिकाटी ही नाखूश देवाचं मन वळवण्याची युक्ती नाही. देव आधीच आपल्या बाजूचा आहे, म्हणून पुन्हा पुन्हा जायचं.

धैर्याचंही तसंच. इब्री लोकांस पत्रात (४:१४-१६) कृपेच्या राजासनापुढे धैर्याने जायला सांगितलंय, आणि लगेच वरच्या ओळींत त्याचं कारणही दिलंय: आपला महायाजक येशू सर्व प्रकारे आपल्यासारखा पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. कारण त्याच्याकडे आहे, आपल्याकडे नाही. आज माझं वागणं बरं होतं म्हणून धीटपणे मागायचं आणि काल घरात भांडलो म्हणून दबकत जायचं, हा हिशेब इथे चालत नाही. भांडणाची क्षमा मागायची आणि त्याच दमात पुढचं मागणंही करायचं.

करायचं काय? प्रार्थनेला बसल्यावर इब्री पत्रातल्या या तीन ओव्या (म्हणजे बायबलमधली वचनं) मोठ्याने, सावकाश वाचा. मग पहिलं वाक्य असं काहीतरी असू द्या: "देवबापा, मी माझ्या योग्यतेवर नाही, येशूच्या योग्यतेवर तुझ्यापुढे आलो आहे." रोज तेच वाक्य म्हटलं तरी हरकत नाही.

आवाजाबद्दल दोन शब्द. धैर्य म्हणजे मोठा आवाज, असं काही सभांमधून वाटायला लागतं. कर्मेल डोंगरावर बआल या दैवताचे संदेष्टे सकाळपासून दुपार टळेपर्यंत ओरडत होते, अंगावर वार करून घेत होते. देवाचा संदेष्टा एलीया याची प्रार्थना दोन ओव्यांत आटोपली (१ राजे १८:३६-३७). हन्नाचे तर फक्त ओठ हलत होते आणि एली याजकाला ती नशेत आहे असं वाटलं (१ शमुवेल १:१३). ज्याला मोठ्याने मोकळं होता येतं त्याने मोठ्याने करावी. पण पुटपुटणाऱ्याचं धैर्य कमी नसतं.

दुसरी पायरी: मागणं एका वाक्यात लिहून काढा

यरीहोबाहेर बार्तीमय ओरडत होता, "येशू, दाविदाचे पुत्र, माझ्यावर दया करा." लोक त्याला गप्प करत होते, तसा तो जास्तच ओरडत होता. येशूने बोलावल्यावर त्याने अंगावरचं वस्त्र टाकलं आणि उठून त्याच्याकडे आला. समोर आंधळा माणूस उभा आहे, तरी येशू विचारतो, "मी तुझ्यासाठी काय करावं, अशी तुझी इच्छा आहे?" (मार्क १०:५१). उत्तर उघड होतं, तरी ते त्याच्या तोंडून यावं लागलं. 'दया करा'पासून 'मला दिसावं'पर्यंतची ती पायरी आपल्यालाही चढायची आहे. मध्यरात्रीच्या दाखल्यातला मित्रसुद्धा 'थोडं काही खायला दे' म्हणत नाही. तीन भाकरी मागतो.

एक वही घ्या. डाव्या पानावर तारीख आणि मागणं, उजवं पान कोरं. एका वेळी दोन-तीनच मागण्या. पंचवीस लिहिल्या तर आठवड्याभरात ती यादी होते आणि वाचून मिटली जाते.

पहिला मसुदा बहुधा असा उतरतो: "प्रभू, माझ्या भावाच्या कुटुंबाला आशीर्वाद दे." आता त्या मसुद्यालाच विचारा, आशीर्वाद म्हणजे काय? कुठे दुखतंय? दुसरा मसुदा असा होईल: "प्रभू, भाऊ आणि वहिनी कित्येक दिवस एकमेकांशी नीट बोललेले नाहीत. या आठवड्यात त्यांच्यात एक तरी मोकळं बोलणं होऊ दे. भावाच्या मनातला राग निवू दे. त्याने मला फोन केला तर कुणाची बाजू न घेता ऐकून घेण्याची बुद्धी मला दे." फरक बघा. आता आठवड्याअखेर काय घडलं ते पाहता येईल. शिवाय शेवटच्या वाक्यात तुमचं स्वतःचं काम आलं. असं वाक्य सापडत नसेल, तर बहुतेक वेळा मागण्यामागे दुसरंच काहीतरी लपलेलं असतं: भीती, हेवा, किंवा ज्याला आपण अजून क्षमा केलेली नाही असा कुणीतरी. मार्क ११:२५ मध्ये प्रार्थनेला उभं राहतानाच क्षमा करायला सांगितलंय. ते नाव सापडलं की आधी तिथे जा.

तिसरी पायरी: मागण्याला वचनाचा आधार शोधा

लोकांनी सोन्याचं वासरू करून पुजलं आणि देव त्यांचा नाश करायला निघाला, तेव्हा मोशेने देवापुढे रडगाणं गायलं नाही, मुद्दे मांडले. हे तुझेच लोक आहेत, तूच यांना मिसरातून आणलंस. मिसरी लोक काय म्हणतील? आणि अब्राहाम, इसहाक, इस्राएल यांना तू स्वतःची शपथ वाहून काय सांगितलं होतंस? (निर्गम ३२:११-१३). नाश होऊ घातलेल्या सदोम नगरासाठी अब्राहामाने 'पन्नास नीतिमान सापडले तर?' इथपासून दहापर्यंत खाली येत मागितलं, 'मी केवळ धूळ व राख' हेही म्हटलं, आणि 'सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय?' हेही विचारलं. देवाच्या स्वभावाची आणि शब्दाची त्यालाच आठवण करून देणं, हा शास्त्रातला धिटाईचा मुख्य प्रकार आहे.

पण सगळ्या मागण्या एका तागडीत घालू नका. काही गोष्टींबद्दल सरळ अभिवचन आहे: बुद्धी उणी असेल तर मागावी (याकोब १:५), पाप कबूल केलं तर क्षमा (१ योहान १:९), स्वर्गीय पिता मागणाऱ्यांना पवित्र आत्मा देतो (लूक ११:१३). यांसाठी ठाम उभं राहून मागा. अमुक नोकरी, अमुक स्थळ, अमुक तारखेला व्हिसा, यांबद्दल असं अभिवचन कुठेच नाही. तीही मागावीत, नि:संकोच मागावीत, फक्त 'देवाने शब्द दिलाय' असं म्हणू नये. वचन उचलण्याआधी मागच्यापुढच्या ओव्याही वाचाव्यात. यिर्मया २९:११ मधल्या 'हिताच्या संकल्पां'वर पुष्कळजण हक्क सांगतात; त्याच्या आदल्याच ओवीत बाबेलच्या बंदिवासाची सत्तर वर्षं आहेत, हे मात्र कुणी भिंतीवर लावत नाही.

हेतूची तपासणी थोडक्यात. याकोब ४:२-३ मध्ये दोन कारणं शेजारी शेजारी आहेत: तुम्ही मागत नाही म्हणून मिळत नाही, आणि मागता ते चैनीसाठी, म्हणूनही मिळत नाही. दुसऱ्या कारणाच्या धास्तीने पहिली चूक करू नका. हेतू पूर्ण शुद्ध झाल्यावरच मागायचं ठरवलंत तर कधीच मागणार नाही.

चौथी पायरी: वेळ बांधून घ्या

दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे, आणि प्रार्थनेवर बंदीचा हुकूम निघाल्यावरही त्याने तो नेम बदलला नाही (दानीएल ६:१०). धैर्य त्या दिवशी अचानक आलं नव्हतं. ते त्या नेमातच होतं. आपल्याला सुरुवातीला रोज दहा मिनिटं पुरे आहेत. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, फोन दुसऱ्या खोलीत. पहिली दोन-तीन मिनिटं वचन आणि स्तुती, मग वहीतलं वाक्य जसंच्या तसं, मग थोडं गप्प बसणं. आठवड्यातून एकदा जास्त वेळ काढा. जमत असेल तर उपवासासह.

तेच ते रोज मागणं म्हणजे मत्तय ६:७ मधली व्यर्थ बडबड तर नव्हे? येशूने तिथे ज्याला नाव ठेवलंय तो समज आहे 'पुष्कळ बोललं की ऐकलं जातं' हा. पुन्हा तेच शब्द बोलणं नव्हे, नाहीतर गेथशेमानेतली प्रार्थनाही त्यातच मोडली असती. शब्द कोरडे व्हायला लागले की प्रकार बदला: एक दिवस तेच मागणं एखाद्या स्तोत्राच्या ओळींतून करा, एक दिवस फक्त उपकारस्तुती करा, एक दिवस त्या माणसाचं नुसतं नाव घ्या.

पारसाच्या राजाच्या पदरी असलेल्या नहेम्याचं उदाहरण इथे फार कामाचं आहे. यरुशलेमेच्या पडक्या भिंतींची बातमी त्याला किसलेव महिन्यात कळली; राजाशी बोलायची संधी आली नीसान महिन्यात. मधले चार महिने तो प्रार्थना करत होता. राजाने "तुझी मागणी काय?" असं विचारल्यावर त्याने उभ्या उभ्या मनातल्या मनात प्रार्थना केली आणि लगेच मुद्द्याला हात घातला: सुट्टी किती दिवसांची, प्रांताधिकाऱ्यांना पत्रं, वेशींच्या तुळयांसाठी लाकूड. इतक्या तपशिलाची मागणी तयार होती, याचा अर्थ त्या चार महिन्यांत प्रार्थनेबरोबर आखणीही चालू होती. तेव्हा वहीत मागण्याखाली एक ओळ सोडा: 'यात माझ्या हातात काय आहे?' हिज्कीया राजाने मरणाच्या दारातून धावा केला, देवाने आयुष्याची पंधरा वर्षं वाढवून दिली, तरी गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला यशया संदेष्ट्याने सांगितलंच (यशया ३८). प्रार्थना करतोय म्हणून गोळ्या बंद करणं हे धैर्य नव्हे. तसं कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

पाचवी पायरी: उत्तर लांबलं तर

इथेच बहुतेकांची वही बंद होते.

कर्मेलच्या माथ्यावर एलीयाकडे पुन्हा बघा. पाऊस पाडीन, असं देवाने आधीच सांगितलंय (१ राजे १८:१). तरी तो जमिनीपर्यंत वाकून, गुडघ्यांत तोंड घालून बसतो आणि चाकराला समुद्राकडे बघायला पाठवतो. चाकर परत येतो: काही नाही. पुन्हा जा. काही नाही. सातव्या खेपेला माणसाच्या तळहाताएवढा ढग दिसतो. अभिवचन होतं म्हणून तो निवांत बसला नाही. अभिवचन होतं म्हणूनच तो सातदा वाकला. आणि त्याने चाकराला खोटं बोलायला लावलं नाही, हेही लक्षात घ्या. 'विश्वासाने बोल की ढग आलाय' असं तो म्हणत नाही. उजव्या पानावर तारीख घालून 'अजून काही नाही' असं लिहायला घाबरू नका.

देवाशी खरं बोला. तेराव्या स्तोत्राच्या सहा ओव्या यासाठी तयार साचा आहेत: पहिल्या दोन ओव्यांत तक्रार (कोठवर, परमेश्वरा?), पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. तिसऱ्या भागापर्यंत मन पोहोचत नसेल तर अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र उघडा. ते अंधारातच संपतं, आणि तरीही ते शास्त्रात आहे. कनानी बाईला (मत्तय १५:२१-२८) आधी येशूकडून उत्तरच मिळालं नाही, मग शिष्य तिला घालवायला निघाले, मग 'मुलांची भाकर कुत्र्यांच्या पिलांना घालणं बरं नाही' हा कठोर शब्द आला. तिने तोच शब्द पकडला: पिलंही धन्याच्या मेजावरून पडलेले तुकडे खातात. येशूने तिचा विश्वास मोठा म्हटला. ती गप्प बसून सोसत राहिली म्हणून नव्हे, वाद घालत त्याच्यापाशीच राहिली म्हणून.

किती काळ? ब्रिस्टलमध्ये अनाथालयं चालवणारे जॉर्ज म्युलर यांनी नोव्हेंबर १८४४ मध्ये पाच जणांच्या तारणासाठी रोज प्रार्थना सुरू केली. पहिल्याला दीड वर्ष लागलं, त्यानंतर दुसऱ्याला पाच, तिसऱ्याला आणखी सहा. ३६ वर्षं झाली तरी उरलेले दोघे होते तिथेच होते आणि म्युलर मागतच होते.

त्याहून मोनिकाची गोष्ट मला अधिक शिकवणारी वाटते. मुलगा ऑगस्टीन ख्रिस्ताकडे वळावा म्हणून ती वर्षानुवर्षं रडत होती. ३८३ साली तो कार्थेजहून रोमला निघाला. त्याने जाऊ नये म्हणून ती बंदराजवळच्या एका प्रार्थनास्थळात रात्रभर विनवत बसली. त्याच रात्री तिला फसवून तो गलबतात बसला. मागणं साफ फेटाळलं गेलं, असंच कुणीही म्हटलं असतं. पण इटलीतच, मिलानमध्ये, त्याला बिशप अँब्रोस भेटले, ३८६ मध्ये त्याचं मन पालटलं आणि पुढच्या ईस्टरला बाप्तिस्मा झाला. मोनिका त्याच वर्षी वारली, ते बघून. रात्रभर जे मागितलं ते मिळालं नाही. वर्षानुवर्षं जे मागितलं ते त्या नकारातूनच आलं. म्हणून वहीत दोन्ही गोष्टी वेगळ्या लिहा: मूळ मागणं कोणतं, आणि ते अमुक वाटेने व्हावं हे मागणं कोणतं. पहिल्याला चिकटून राहा, दुसरं बदलू द्या.

एक गोष्ट मात्र कुणाचीही गय न करता सांगायला हवी. उत्तर न मिळालेल्या माणसाला 'तुमचा विश्वास कमी पडला' असं सांगायचा अधिकार आपल्याला नाही. मुलाला घेऊन आलेल्या बापाने "माझा अविश्वास घालवून टाका" असं रडून म्हटलं आणि त्याचा मुलगा बरा झाला (मार्क ९:२४). शोकाच्या घरी जाऊन हे वाक्य टाकणाऱ्याने स्वतःच्याच प्रार्थनांचा हिशेब आधी काढावा.

सहावी पायरी: एक-दोघांना सोबत घ्या

अमालेकाशी लढाई चालली असताना मोशेचे हात भरून आले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी ते दोन्ही बाजूंनी सावरून धरले (निर्गम १७:१२). जर्मनीतल्या हर्नहूट गावच्या मोरावियन मंडळीत (एका ख्रिस्ती पंथाच्या) १७२७ मध्ये २४ पुरुष आणि २४ स्त्रियांनी दिवसाचे तास वाटून घेतले आणि ती प्रार्थना शंभर वर्षं अखंड चालली. तुम्हाला दोन माणसं पुरेत. त्यांना वहीतलं नेमकं वाक्य द्या आणि आठवड्यातून एकदा फोनवर का होईना एकत्र प्रार्थना करा. दुसऱ्याची घरगुती अडचण 'प्रार्थनेचा विषय' म्हणून सगळ्या ग्रुपवर टाकू नका. त्या माणसाला विचारल्याशिवाय तर मुळीच नाही.

एकत्र काय मागायचं, यासाठी प्रेषितांची कृत्ये ४:२४-३१ वाचा. धमक्या मिळालेल्या मंडळीने धमक्या थांबाव्यात असं मागितलं नाही. बोलायचं धैर्य मागितलं.

सातवी पायरी: थांबायचं कधी, ते ओळखा

चिकाटीलाही शेवट असतो. कनान देश बघू दे म्हणून मोशेने विनवलं, तेव्हा देवाने त्याला स्पष्ट सांगितलं: पुरे, या गोष्टीविषयी आता माझ्याशी बोलू नकोस (अनुवाद ३:२६). पौलाने 'शरीरातला काटा' म्हटलेल्या त्रासासाठी तीनदा विनंती केली आणि 'माझी कृपा तुला पुरे' हे उत्तर मिळाल्यावर तो काट्याविषयी मागायचा थांबला. आजारी मूल जिवंत होतं तोवर दावीद राजा उपाशी जमिनीवर पडून होता. मूल गेल्याचं कळल्यावर तो उठला, अंघोळ केली, मंदिरात जाऊन भजन केलं आणि जेवला (२ शमुवेल १२).

आपल्याला असा थेट शब्द क्वचितच ऐकू येतो. तरी काही खुणा असतात. प्रसंगच संपतो: जागा भरली जाते, माणूस जातो. किंवा मागता मागता मागणंच बदलतं आणि जुनं वाक्य खरं वाटेनासं होतं. किंवा ज्यांच्यासोबत प्रार्थना करता ती दोन शहाणी माणसं आणि वाचनात येणारं वचन एकाच दिशेला बोट दाखवू लागतात. यातलं काहीच नसेल, फक्त थकवा असेल, तर तो नकार नव्हे. काही दिवस नुसतं नाव घ्या आणि बाकीचं सोबत्यांवर सोपवा.

महिन्यातून एकदा वही चाळा. नकाराचं पान फाडू नका; त्याखाली तारीख घाला आणि पौलासारखं त्या बदल्यात काही दिलं गेलं का, ते काही महिन्यांनी येऊन तपासा. होकार आला असेल तर उजव्या पानावर जे घडलं ते तपशिलाने लिहा आणि ज्यांना ते वाक्य दिलं होतं त्यांना त्याच दिवशी कळवा. ते चटकन विश्वास ठेवतीलच असं नाही. तुरुंगातल्या पेत्राच्या सुटकेसाठी जमलेल्या मंडळीला, तो दाराशी उभा आहे असं रोदा नावाची दासी सांगत आली, तेव्हा मंडळी तिला म्हणाली, "तू वेडी आहेस." पेत्र ठोठावतच राहिला, आत आल्यावर त्याने हाताने खुणावून त्यांना गप्प केलं, प्रभूने बाहेर कसं काढलं ते सांगितलं, आणि निघताना बजावलं की याकोबाला आणि बाकीच्या बंधूंनाही हे कळवा.